13 डिसेंबर 1930 रोजी तुमचे आजोबा कुठे होते?

12 डिसेंबर 1930. मुंबईत परदेशी कापडाने भरलेली लॉरी अडवायला बाबू गेनू आडवा पडला आणि तिच्याखाली गेला. डॉ. आंबेडकर त्या दिवसांत लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत होते. बिळाशीचा जंगल सत्याग्रह होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. बेळगाव मुंबई इलाख्यात होते आणि कर्नाटक नावाचे राज्य व्हायला बरीच वर्षे होती.

आता सांगा, त्याच्या दुसऱ्या दिवशी, 13 डिसेंबर 1930 रोजी, तुमचे आजोबा कुठे राहत होते? नुसते सांगू नका, पुरावा द्या. लिहित्या-वाचत्या घरांतही या प्रश्नाने पंचाईत होईल. कोणाकडे शाळेचा दाखला निघेल, कोणाकडे एखादे खरेदीखत, बहुतेकांकडे काहीच नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या रानात म्हशी राखणाऱ्या गवळी धनगराला मात्र भारताचा कायदा नेमके हेच विचारतो. उत्तर जमले तर पायाखालची जमीन त्याची. नाही जमले तर तो अतिक्रमणदार, मग त्याच्या पणजोबाने लावलेला फणस अंगणात उभा का असेना.

या तारखेला खानापुरात काही घडले होते म्हणाल, तर तसे काहीच नाही. कसला ठराव नाही, दंगा नाही, पूर नाही. तारीख निघाली ती दिल्लीत, वजाबाकीने. 13 डिसेंबर 2005 रोजी वनहक्कांचे विधेयक लोकसभेत मांडले गेले. तेव्हा त्यात फक्त अनुसूचित जमाती होत्या, आणि त्यांनीही 25 ऑक्टोबर 1980 च्या आधीपासून जमीन कसलेली असायला हवी होती, कारण त्या दिवशी वनसंवर्धन कायदा लागू झाला होता. विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले. व्ही. किशोरचंद्र देव तिचे अध्यक्ष होते. समितीसमोर देशभरातून एकच गाऱ्हाणे आले: रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे सगळेच काही जमातींच्या यादीत नाहीत, त्यांचे काय? समितीने दार उघडले. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असा एक नवा वर्ग कायद्यात आला, आणि 1980 ची रेषा सरकून थेट विधेयक मांडल्याच्या दिवसावर आली.

पण दार उघडताना उंबरठा उंच केला. यादीतल्या जमातींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. इतरांनी मात्र त्या दिवसाच्या मागे तीन पिढ्या रानात काढलेल्या हव्यात, आणि एक पिढी म्हणजे पंचवीस वर्षे, असे कायद्यानेच सांगून टाकले. तीन पंचवीस पंच्याहत्तर. 2005 मधून 75 गेले, राहिले 1930. विधेयक मांडायला संसदेने आणखी आठवडा घेतला असता, तर खानापूरच्या धनगराला आठवडाभर अलीकडचा पुरावा चालला असता. एवढ्या मोठ्या हक्काचा एवढा योगायोगी पाया मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या माणसाला तारखांचा हा खेळ तसा नवा नाही. निपाणीहून कागलला निघालात की वाटेत कोगनोळीचा नाका लागतो. नाक्याच्या दोन्ही बाजूंना तीच काळी जमीन, तोच तंबाखू, तोच ऊस, आणि लग्नसंबंध तर इकडून तिकडे सर्रास. मुंबई राज्याच्या कूळकायद्यानुसार 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले जाणार होते. पण त्याच्या पाच महिने आधी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, राज्यपुनर्रचना झाली आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. नव्या सरकारने 1957 मध्येच त्या कलमांना स्थगिती दिली. कागलचे कूळ मालकीच्या वाटेला लागले. निपाणीचे कूळ थांबले, आणि थांबले ते 1 मार्च 1974 पर्यंत. देवराज अर्स यांच्या सरकारची दुरुस्ती त्या दिवशी लागू झाली, कुळांनी सात नंबरचे फॉर्म भरले आणि तालुक्या-तालुक्यात जमीन न्यायमंडळे बसली. या न्यायमंडळांपुढे वकिलांना उभे राहायलाच बंदी होती. कूळ स्वतः बोलायचे. पुढे 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, पण तोवर असंख्य निकाल लागून गेले होते. एका नाक्याच्या दोन बाजू आणि सतरा वर्षांचे अंतर. एवढ्या काळात शेतावर एक नवी पिढी कामाला लागते.

निपाणीच्या कुळाला निदान जमीनदार तरी होता. कोणाची जमीन कसतो, ते सांगता येत होते. खानापूरच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कडेला, गोष्ट निराळी. तिथे मालक म्हणून समोर उभे आहे ते जंगल, आणि जंगलाच्या वतीने बोलते ते सरकार.

हा टापू पाहण्यासारखा आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते. तिथून थोड्याच अंतरावर भीमगडच्या रानात म्हादई निघते आणि पश्चिमेला गोव्यात उतरते. बारापेडेच्या गुहांत राहणारे एक वटवाघूळ जगात इतरत्र फारच थोड्या ठिकाणी सापडते. 2011 मध्ये सुमारे 190 चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य जाहीर झाले. त्याच्या पोटात आणि काठावर तळेवाडी, गवाळी, कोंगळा, पास्तोली, आमगाव, देगाव, मेंडील, कृष्णापूर अशी गावे आहेत. पावसाळ्यात यातल्या काही गावांतून आजारी माणसाला बाहेर काढायचे तर खांद्यावरून.

या भागातली माणसे आली कुठून आणि जगली कशी, यावर माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी अभ्यास केला आहे. 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात सह्याद्रीतले गवळी धनगर आणि कुणबी यांची विलक्षण वाटणी दिसते. डोंगराच्या माथ्यावर, जास्त पावसाच्या सड्यावर म्हशी घेऊन गवळी; खाली दरीत शेती करणारा कुणबी. एकाचे लोणी-तूप, दुसऱ्याचे धान्य. एकमेकांच्या पोटावर पाय न देता दोन समाजांनी एकच डोंगर वरखाली वाटून घेतला होता. कोणी तसा कायदा केला नव्हता.

कायदा आला तो 1878 मध्ये, आणि मग पुन्हा 1927 मध्ये. राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या. फांद्या तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी पेरायची आणि दोन-तीन पिके घेऊन पुढे सरकायचे, ही कुमरी शेती गुन्हा ठरत गेली. जो सरकत राहतो त्याच्या नावावर काहीच चढत नाही. गवळीवाडाही चाऱ्यासाठी जागा बदलत असे. म्हणजे ज्या जगण्यामुळे रान टिकले, त्याच जगण्यामुळे कागद झाला नाही.

त्यात यादीचा घोळ. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप 2003 पासून अनुसूचित जमातीत आहेत. डोंगर ओलांडून खानापूरला लागून असलेल्या जोयडा तालुक्यात आलात की कुणबी यादीबाहेर. तिथल्या कुणब्यांची मागणी वर्षानुवर्षे पडून आहे. सिद्दींची कथा आणखी थक्क करणारी. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना 2003 मध्ये जमातीचा दर्जा मिळाला, पण जिल्ह्याची हद्द ओलांडून खानापुरात राहणाऱ्या त्यांच्याच सोयऱ्यांना नाही. संसदेने 2020 मध्ये यादी दुरुस्त केली आणि बेळगाव-धारवाडचे सिद्दीही आत आले. जे तोवर 1930 चा पुरावा शोधत होते, त्यांच्यासाठी प्रश्न 2005 वर आला. त्यांच्या शेजारचा गवळी धनगर मात्र अजून 1930 पाशीच उभा आहे. दोघांच्या चुलीत एकाच रानाचे लाकूड जळते. या उदाहरणातून आपल्या कायद्याचे एक वेगळेपण कळते: इथे सगळ्यात आधी कोण आले हे कोणी विचारत नाही. यादीत कोण आहे, हे विचारतात.

आता खरी नवलाची गोष्ट.

एवढी दुष्ट तारीख घालणाऱ्या याच वनहक्क कायद्याच्या नियमांत, 1 जानेवारी 2008 पासून लागू असलेल्या तेराव्या नियमात, पुराव्यांची यादी आहे. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा सरकारी राजपत्र वाचतो आहे यावर विश्वास बसेना. सुरुवात रीतसर होते: गॅझेटियर, जनगणना, मोजणी आणि जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनखात्याचे कार्य आराखडे. मग मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड. मग घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, घातलेला बांध. मग कोर्टाचे जुने निवाडे. मग संशोधकांचे अभ्यास. मग जुन्या संस्थानांचे आणि प्रांतांचे दप्तर. आणि त्यानंतर नियम म्हणतो, विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थाने. जुन्या नोंदीत नाव असलेल्या पूर्वजापर्यंत पोचणारी वंशावळ. आणि सगळ्यात शेवटी, दावेदार सोडून इतर वयोवृद्धांनी सांगितलेले आणि लिहून घेतलेले म्हणणे.

यातला एकच पुरावा पुरत नाही, एकाहून जास्त हवेत. पण काय काय जुळवता येते बघा. देवराईतला शेंदूर फासलेला दगड आणि एका म्हातारीची साक्ष. बुजत आलेली विहीर आणि 1884 सालच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड. गाडगीळ-मल्होत्रांसारखा निबंध आणि वाड्याजवळची पूर्वजांची थडगी. ज्याला सातबारा ठाऊक नाही, पहाणीचा उतारा ठाऊक नाही, त्याच्या बाजूने दगड, पाणी आणि मेलेली माणसे साक्ष देऊ शकतात, आणि ती साक्ष कायद्याने कागदाच्या पंगतीला बसवली आहे.

आणखी एक गंमत. वनखात्याने कधीकाळी म्हशी अडवून दंड केला असेल, तर त्या दंडाची पावती काय सांगते? की त्या साली हा माणूस म्हशींसह याच रानात होता. ज्या कागदाने त्याला गुन्हेगार ठरवले तोच कागद त्याचा मुक्काम सांगतो. 2012 च्या दुरुस्तीने तर स्पष्टच लिहिले, की दंडाच्या पावत्या किंवा अतिक्रमणदारांच्या याद्या हे दावा फेटाळण्याचे एकमेव कारण होऊ शकत नाही. अमुकच एक कागद आणा असा हट्ट दावे तपासणाऱ्या वरच्या समित्यांनी धरायचा नाही. उपग्रहाचे छायाचित्र जोडीला चालेल, बाकी पुराव्यांच्या जागी नाही.

आणि पहिला निवाडा कोणाचा? ग्रामसभेचा. महसुली नकाशावर नसलेली जुनी वस्तीसुद्धा या कायद्यापुरती गाव ठरते. सभा दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडते, त्यात एक तृतीयांश तरी बायका. समिती दावे घेते, जागेवर जाते, हद्द चालून बघते, नकाशा काढते. वनखात्याचा माणूस येतो तो पाहणीला हजर राहायला. सभा ठराव करते, मग प्रकरण उपविभागीय समितीकडे आणि तिथून डीसी साहेबांच्या जिल्हा समितीकडे. मिळालेले हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावे. वारसाला जाते, विकता येत नाही, आणि चार हेक्टरच्या वर नाही. शेतीपलीकडचेही हक्क आहेत: सामूहिक जंगल राखण्याचा, मध-शिकेकाई गोळा करण्याचा, आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा. ही चराईची ओळ कायद्यात कोणी घातली ते मला ठाऊक नाही, पण गवळीवाडा डोळ्यांसमोर ठेवूनच लिहावी तशी ती उतरली आहे.

जमिनीचा हक्क दगडाने आणि आठवणीने सिद्ध करण्याची ही कल्पना जगात दुसरीकडे पाहायची तर ऑस्ट्रेलियात जावे लागते. तिथे दोनशे वर्षे असे मानले गेले, की इंग्रज आले तेव्हा ती भूमी कोणाचीच नव्हती. एडी माबो हा टाउन्सविलच्या विद्यापीठात माळीकाम करणारा माणूस. मेर नावाच्या आपल्या बेटावरची वाडवडिलांची जमीन कायद्याने आपली नाहीच, हे त्याला तिथल्या इतिहासाच्या प्राध्यापकांशी बोलताना कळले. तो कोर्टात गेला. खटला दहा वर्षे चालला. 3 जून 1992 रोजी निकाल त्याच्या बाजूने लागला. माबो सुमारे साडेचार महिने आधीच वारला होता. दुसऱ्या वर्षी तिथल्या संसदेने मूळनिवासींच्या जमीनहक्कांचा कायदा केला. ग्रेट सँडी वाळवंटातल्या लोकांना आपला दावा इंग्रजीत मांडता येईना, तेव्हा 1997 मध्ये त्यांनी आठ बाय दहा मीटरचे एक चित्र रंगवले. त्यात त्यांचे पाणवठे आणि वाटा होत्या. न्यायाधिकरणापुढे ते चित्र जमिनीवर अंथरले आणि ज्याने-त्याने आपापल्या पाणवठ्यावर उभे राहून साक्ष दिली. 2007 मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला.

पण तिथेही उलटे झालेच. व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांच्या सीमेवर, मरे नदीच्या काठी योर्टा योर्टा लोक राहतात. म्हणजे तेही सीमाभागातलेच. इंग्रजी अंमलापासून आजवर परंपरा अखंड आहे, हे त्यांना सिद्ध करायचे होते. 1998 मध्ये न्यायाधीशाने वृद्धांच्या साक्षींपेक्षा एडवर्ड कर नावाच्या गोऱ्या मेंढपाळ-जमीनदाराच्या एकोणिसाव्या शतकातल्या आठवणींच्या पुस्तकाला जास्त वजन दिले. 2002 मध्ये वरच्या कोर्टातही ते हरले. ज्याने त्यांची जमीन व्यापली त्याचेच पुस्तक त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरले. आपल्या तेराव्या नियमातली वृद्धांच्या साक्षीची ओळ किती मोलाची आहे, ते इथे कळते.

मग खानापुरात सगळे आलबेल असायला हवे. तसे नाही. केंद्रीय आदिवासी मंत्रालयाचे आकडे पाहिले तर कर्नाटकात सुमारे 2 लाख 90 हजार दावे दाखल झाले आणि हक्कपत्रे निघाली 16 हजारांच्या आसपास. याच राज्यात चामराजनगरच्या बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगांना 2011 मध्ये व्याघ्रक्षेत्रात सामूहिक वनहक्क मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. पण सोलिग यादीत आहेत, त्यांना 1930 आडवे आले नाही. बाकीच्यांचे घोडे तिथेच अडते. नियम म्हणतो कोणताही कागद चालेल. टेबलामागचा माणूस म्हणतो, 75 वर्षांचा कागद आण. 13 फेब्रुवारी 2019 रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना बाहेर काढण्याचा आदेश दिला होता. पंधरा दिवसांनी, 28 फेब्रुवारीला, तो स्थगित झाला. त्या पंधरा दिवसांत देशभरात लाखो घरांचे काय झाले असेल, ते फाइलीत कुठे नोंदलेले नाही.

दरम्यान भीमगडमध्ये दुसरीच वाट निघाली. सरकारने स्वेच्छेने बाहेर येणाऱ्या कुटुंबाला 15 लाख रुपये देऊ केले, आणि 2025 मध्ये तळेवाडीची कुटुंबे निघाली. ज्यांना जायचे आहे त्यांनी जावे. दवाखाना, शाळा, वीज कोणाला नको? पण याच कायद्यात अशीही तरतूद आहे, की ग्रामसभेने शिफारस केली तर रस्ता, शाळा, दवाखाना अशा तेरा सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट एवढीच, की हेक्टरी 75 हून जास्त झाडे तुटू नयेत. आधी रस्ता द्यायचा, हक्कपत्र द्यायचे आणि मग विचारायचे की राहता की जाता, हा क्रम योग्य. रस्त्यावाचून कंटाळलेल्या माणसाने दिलेल्या होकाराला स्वेच्छा म्हणणे मला जड जाते.

कायदा उदार आहे आणि अंमल कंजूष, असे माझे मत. त्यावर मोर्चे निघतात, निघावेत. पण एक काम असे आहे जे मोर्चाने होत नाही, आणि ते निपाणी, बेळगाव, कोल्हापूरच्या वाचकांनाच जमण्यासारखे आहे. 1930 चे बेळगाव मुंबई इलाख्यात होते. त्याचे दप्तर मोडीत आहे, मराठीत आहे, कानडीत आहे, इंग्रजीत आहे; काही मुंबईच्या आणि धारवाडच्या पुराभिलेखागारात, काही जुन्या शाळांच्या कपाटांत, काही देसाई-इनामदारांच्या वाड्यांतल्या पेट्यांत. 1931 ची जनगणना झाली 26 फेब्रुवारीच्या रात्री, म्हणजे त्या तारखेनंतर अडीच महिन्यांच्या आत. एखाद्या तुपाच्या हिशेबाच्या वहीत खानापूरच्या गवळ्याचे नाव आणि वाड्याचे ठिकाण असेल. शाळेच्या जुन्या रजिस्टरात ‘राहणार’ या रकान्यात एखाद्या रानवस्तीचे नाव असेल. चराईची पावती असेल. तुम्हाला ती रद्दी वाटेल. त्या घराला तीच 75 वर्षांची साक्ष.

तेव्हा घरातली जुनी पेटी विकण्याआधी एकदा उघडा. त्यात कणकुंबी, जांबोटी, भीमगडच्या बाजूची कसलीही नोंद निघाली तर तिचा फोटो काढून त्या गावच्या वनहक्क समितीकडे पोचवा. आणि मोडी वाचता येत असेल, तर चार सुट्ट्या खानापूरला द्या. तिथे वाचणारा माणूस हवा आहे.